जुन्या डॅटसनला पाच गिअर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे १९७२ ची डॅटसन २४०झेड (निसान कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार) आहे. गिअरबॉक्स मूळचा, चार गिअरचा आहे. दुसरा गिअर टाकताना तो करकरतो आणि हमरस्त्यावर ताशी ७० मैलांच्या वेगाला इंजिनाचा आवाज इतका वाढतो की शेजारी बसलेल्या पत्नीशी बोलता येत नाही. येथील भंगार यार्डात १९८२ च्या २८०झेडएक्स या त्याच मालिकेतील नंतरच्या गाडीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स आणि त्याच गाडीचे ३.९ प्रमाणाचे डिफरन्शिअल (मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी पेटी) मिळत आहे. काही मित्रांच्या मते फक्त गिअरबॉक्स बदलावा आणि डिफरन्शिअलला हात लावू नये. गाडी शर्यतीसाठी नाही. सुट्टीच्या दिवशी डोंगराळ रस्त्याने फिरण्यासाठी आहे. दोन्ही बदलावे का, आणि घरच्या गॅरेजमध्ये हे काम जमेल का?
— एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : मित्रांचा सल्ला खर्च वाचवणारा असला तरी तुमच्या वापराला तो सोयीचा नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल हे दोन वेगळे भाग असले तरी इंजिनाला आणि चाकाला त्यांच्या प्रमाणांचा (म्हणजे बाहेरच्या दांड्याच्या एका फेऱ्याला आतला दांडा किती फेरे घेतो त्या आकड्यांचा) एकत्रित गुणाकारच कळतो. म्हणून कोणताही एक भाग विकत घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन हा गुणाकार करून पाहावा.

तुमच्या गाडीच्या चार गिअरच्या पेटीत पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५९२, दुसऱ्याचे २.२४६, तिसऱ्याचे १.४१५ आणि चौथ्याचे १ आहे. मागच्या आर१८० डिफरन्शिअलचे प्रमाण ३.३६४ आहे, म्हणजे क्राउनला (चाकांकडच्या मोठ्या दातेरी चाकाला) ३७ दात आणि पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाला) ११. यावरून पहिल्या गिअरचा एकूण गुणाकार १२.०८ येतो आणि चौथ्याचा अर्थातच ३.३६४. तुमची चाके १९५/७० आर१४ मापाची आहेत असे धरले, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे १.९७ मीटर पुढे जाते आणि ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला साधारण ३,२०० फेरे घेते. तुमची तक्रार या आकड्याबद्दल आहे.

१९८१ ते १९८३ या काळातील बिनटर्बो २८०झेडएक्सच्या पाच गिअरच्या पेटीत प्रमाणे ३.०६२, १.८५८, १.३०८, १ आणि ०.७४५ अशी आहेत. ही पेटी जुन्या ३.३६४ च्या डिफरन्शिअलला जोडली, तर पाचव्या गिअरमध्ये ७० मैलांना इंजिन २,४०० च्या खाली उतरेल आणि हमरस्त्यावर शांतता मिळेल. परंतु पहिल्या गिअरचा गुणाकार १२.०८ वरून १०.३० वर घसरेल. याचा अर्थ चढावर थांबलेली गाडी पुढे काढताना क्लच जास्त वेळ घासावा लागेल, आणि पाचवा गिअर इतका उंच होईल की किंचित चढ आला तरी चौथ्यावर परतावे लागेल. पैसे खर्चून पाचवा गिअर आणावा आणि तो डोंगरात कधी वापरताच येऊ नये, असा तो प्रकार होईल.

त्याच पेटीमागे ३.९ चे डिफरन्शिअल बसवले की चित्र बदलते. पहिल्या गिअरचा गुणाकार ११.९४ होतो, म्हणजे जवळजवळ मूळचाच. तिसरा आणि चौथा गिअर पूर्वीपेक्षा जोरकस होतात (चौथ्यातील ओढ सुमारे १६ टक्क्यांनी वाढते), आणि पाचव्याचा गुणाकार २.९१ येऊन ७० मैलांना इंजिन २,७६० च्या आसपास फिरते. तुमच्या वापरासाठी हीच जोडी योग्य आहे असे माझे मत आहे. तिच्यात एकच उणीव आहे : चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये अंतर बरेच आहे, त्यामुळे पाचवा टाकताच इंजिनाचा वेग चौथा हिस्सा कमी होतो. हमरस्त्यावर त्याचे काही वाटत नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर मात्र पाचवा विसरावा.

येथे एक सापळा सांगितलाच पाहिजे. १९७७-७८ च्या २८०झेडमध्ये आणि १९७९-८० च्या २८०झेडएक्समध्ये जी पाच गिअरची पेटी होती, तिचा पाचवा गिअर ०.८६४ आहे. तो ३.९ शी गुणला की उत्तर ३.३७ येते, म्हणजे तुमच्या आजच्या चौथ्या गिअरइतकेच. ती पेटी घेतलीत तर पहिला गिअर चपळ होईल, परंतु ७० मैलांना इंजिन पुन्हा त्याच ३,२०० वर ओरडेल आणि पत्नीशी बोलणे तसेच राहून जाईल. बाहेरून या दोन पेट्या सारख्याच दिसतात, म्हणून यार्डातील माणसाच्या शब्दावर विसंबू नये. पेटी बाकावर ठेवून पाचवा गिअर टाकावा, पुढच्या दांड्यावर आणि मागच्या दांड्यावर खडूने खूण करावी आणि पुढचा दांडा बरोबर तीन फेरे फिरवावा. मागचा दांडा चार फेरे फिरला तर पेटी ०.७४५ ची, साडेतीनच्या जरा अलीकडे थांबला तर ०.८६४ ची. १९८२ पासूनच्या टर्बो गाड्यांत बोर्ग-वॉर्नरची टी-५ ही निराळीच पेटी असे आणि त्यांच्या डिफरन्शिअलचे प्रमाणही ३.५४५ होते, ते दोन्ही आपल्या कामाचे नाही.

डिफरन्शिअलची परीक्षाही अशीच हाताने करता येते. साध्या डिफरन्शिअलची एक बाजू घट्ट धरून दुसऱ्या बाजूची फ्लँज (जोडणीची चकती) दोन पूर्ण फेरे फिरवली की क्राउन एक फेरा घेतो, आणि तेवढ्यात पिनियनची फ्लँज किती फिरली हे मोजायचे. चार फेऱ्यांना थोडे कमी पडले तर ३.९, साडेतीनहून किंचित जास्त झाले तर ३.५४५. दोन वेळा मोजावे, कारण पहिल्यांदा सगळ्यांचेच चुकते.

यार्डातील ३.९ चे डिफरन्शिअल आर२०० जातीचे असणार. नावातील आकडा क्राउनचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो : तुमच्या गाडीतील १८० चा, हा २०० चा. तुमच्या २,३९३ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला ताकदीच्या दृष्टीने आर१८० पुरेसा आहे, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण आर२०० शिवाय गाडी तुटेल असे सांगणारे पुष्कळ भेटतात. याच २४०झेडने १९७१ ची आणि १९७३ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली जिंकली. १९७३ चा विजेता चालक शेखर मेहता हा भारतीय वंशाचा होता याचा आपल्याला सुप्त अभिमान असतो. पण तुमचा रस्ता केनियातला नाही. आर२०० घ्यायचा तो त्यात ३.९ चे प्रमाण सहज आणि स्वस्तात मिळते म्हणून. त्याचे वजन जास्त आहे, हे मान्य करून घ्यावे.

आता बसवण्याविषयी. आर२०० च्या मागच्या झाकणावरील खुंट्यांमधले अंतर आर१८० पेक्षा जास्त असते. त्यामुळे डिफरन्शिअलला मागून धरणारी जी वाकडी पट्टी आहे, जिला तिच्या आकारावरून इंग्रजीत मुस्टॅश बार म्हणतात आणि आपण खुशाल मिशीपट्टी म्हणावे, ती २८०झेडची, आर२०० साठीची घ्यावी लागते. तुमची गाडी १९७२ ची आहे हे एका दृष्टीने बरे झाले. १९७१ च्या मध्यानंतर निसानने डिफरन्शिअल ३५ मिलिमीटर मागे सरकवले आणि चाकांकडे जाणारे दांडे जवळपास सरळ रेषेत आणले. त्यापूर्वीच्या गाड्यांत डिफरन्शिअलला समोरून पेलणारा आडवा भागही निराळा असल्याने हे काम आणखी गुंतते. पिनियनच्या फ्लँजवरील चार भोके तुमच्या प्रॉपेलर शाफ्टशी (गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलकडे जाणाऱ्या लांब दांड्याशी) जुळतात का हे यार्डातच मोजून पाहावे. जुळत नसतील तर फ्लँज किंवा शाफ्ट त्याच गाडीवरून घेऊन ठेवावा. रविवारी दुपारी गाडी स्टँडवर असताना चार मिलिमीटरचा फरक लक्षात येण्यासारखे दुःख नाही.

गिअरबॉक्स इंजिनाला सरळ बसतो, कारण दोन्ही पेट्या एकाच ७१ मिलिमीटरच्या कुळातील आहेत. हे अंतर पेटीतील दोन मुख्य दांड्यांच्या मध्यांमधले आहे आणि पेटीच्या सांकेतिक नावातला ७१ तोच. गिअर टाकण्याच्या दांडीपाशी मात्र अडचण येते. पहिला, तिसरा आणि पाचवा गिअर टाकताना दांडी गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या बोगद्याला असलेल्या भोकाच्या पुढच्या कडेला टेकते. काही जण ती कड कापतात. मी ती दांडी गरम करून वाकवण्याच्या पक्षाचा आहे, कारण कापलेला पत्रा परत येत नाही आणि अशा गाडीचे मोल तिच्या न कापलेल्या पत्र्यातही असते.

सर्वांत जास्त लोक फसतात ते क्लचमध्ये. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग ज्या कॉलरवर बसते त्या कॉलरची उंची प्रेशर प्लेटशी (क्लच दाबून धरणाऱ्या तबकडीशी) जुळावी लागते, गिअरबॉक्सशी नव्हे. नव्या पेटीबरोबर तिची कॉलर आली म्हणून तीच लावली आणि प्रेशर प्लेट जुनीच ठेवली, तर क्लच एक तर सुटतच नाही किंवा पूर्ण धरतच नाही. माझ्या हातून हे एकदा झाले आहे. पेटी वर चढवून, सर्व बोल्ट आवळून, पेडल दाबल्यावर काहीच घडले नाही, आणि दुसऱ्या शनिवारी तेच सारे उलट्या क्रमाने करावे लागले. म्हणून प्रेशर प्लेट आणि कॉलर यांची जोडी कधीही फोडू नये. पेटी खाली असतानाच क्रँकशाफ्टच्या टोकातील पायलट बुश (गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्याचे टोक पेलणारी कडी) आणि इंजिनाचे मागचे तेलाचे सीलही बदलून घ्यावे. दोन्ही वस्तू स्वस्त आहेत आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणे महाग आहे.

घरी काम करता येईल, पण दोन माणसे हवीत आणि गाडी चार भक्कम स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर कधीही नको. सर्वांत आधी बॅटरीची तार काढावी, कारण स्टार्टर सोडवताना तिच्यात वीज असते. प्रॉपेलर शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करावी म्हणजे तो परत त्याच जागी बसेल. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लच हलवणारा) नळी न सोडता बाजूला लटकवून ठेवावा. पेटी सुटताच इंजिन मागे कलते. ऑइल सम्पखाली लाकडी ठोकळा देऊन जॅक लावावा आणि पुढे पंखा रेडिएटरला टेकत नाही ना हे पाहावे. पेटी वर चढवताना तिचे वजन क्लच प्लेटवर टांगून ठेवू नये. बोल्ट आवळून पेटी इंजिनाकडे ओढून आणावी असा मोह होतो, पण ती हाताने पूर्ण बसली नसेल तर काहीतरी अडते आहे असेच समजावे.

तेलाविषयी दोन वाक्ये. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ वर्गाचे तेल घालावे आणि डिफरन्शिअलमध्ये जीएल-५. जीएल-५ मधील गंधकयुक्त रसायने पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर टाकताना दोन भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत आणि त्या तेलात रिंगांची पकडही कमी पडते, उलट डिफरन्शिअलच्या एकमेकांवर घसरणाऱ्या दातांना तीच रसायने आवश्यक असतात. तेल काढण्यापूर्वी भरण्याचा बूच उघडतो का हे आधी पाहावे, ही शिस्त प्रत्येक जुन्या गाडीला लागू आहे. (तुमचा दुसरा गिअर करकरतो त्याचे कारणही बहुधा झिजलेली सिंक्रो रिंग हेच आहे, पण जुन्या पेटीत आधी कोणी चुकीचे तेल घातले होते का, हे विचारून ठेवावे.)

शेवटी वेगमापक. त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्यावरून फिरते आणि ३.९ मुळे तोच दांडा त्याच वेगाला १६ टक्के जास्त फिरतो, म्हणजे खरा वेग ६० मैल असताना काटा सुमारे ७० दाखवेल. केबलच्या टोकाचे छोटे दातेरी चाक ३.९ च्या गाडीचे लावले की चूक सुधारते. यार्डातून पेटी आणताना ते चाक तिच्यातच असल्याची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : मी मागील वर्षी माझ्या १९७३ च्या २४०झेडला आर२०० चे ३.९ प्रमाणाचे डिफरन्शिअल बसवून घेतले, त्यापूर्वी ३.३६४ होते. गिअरबॉक्स बदललेला नाही. आता क्लच सोडताना मागून ‘धप्’ असा आवाज येतो आणि ताशी ६५ मैलांच्या पुढे गाडी थरथरते. डिफरन्शिअल खराब मिळाले का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणे बहुधा दोन आहेत, दोन्हींत डिफरन्शिअल निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे.

‘धप्’ हा आवाज बहुतेक वेळा डिफरन्शिअलच्या समोरच्या रबरी आधाराचा असतो. जोर लागला की डिफरन्शिअलचे नाक वर उचलले जाते, कारण क्राउन चाकांना पुढे ढकलतो तेव्हा डिफरन्शिअलची पेटी स्वतः उलट्या बाजूला वळू पाहते. त्या नाकाला खाली धरणारे रबर पन्नास वर्षांत धातूपासून सुटलेले असते, पण गाडी उभी असताना वजनामुळे ते जागेवर टेकून बसते आणि पाहणाऱ्याला शाबूत वाटते. गाडी स्टँडवर घेऊन नाकाखाली लाकडी दांड्याने तरफ द्यावी. रबर आणि लोखंड यांच्यामध्ये फट उघडली तर निदान झाले. नाक फार उचलले जाऊ नये म्हणून वरून एक पट्टा असतो, तोही पाहावा. यानंतर मिशीपट्टीच्या दोन्ही टोकांचे बुश आणि चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळू देणारे सांधे) तपासावेत. त्या दांड्यांत आतबाहेर सरकणारा दातेरी भाग असतो. तेथे वंगण सुकले तर जोर येईपर्यंत तो अडकतो आणि मग एकदम सरकतो, त्याचाही आवाज ‘धप्’ असाच येतो.

थरथरीसाठी एक साधी चाचणी आहे. ज्या वेगाला गाडी थरथरते त्या वेगाला मोकळ्या आणि सुरक्षित रस्त्यावर गिअर न्यूट्रल करावा. थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा दोष नाही, गाडीच्या वेगाशी बांधलेल्या एखाद्या भागाचा आहे. आता विचार करा : ६५ मैलांना तुमचा प्रॉपेलर शाफ्ट पूर्वी मिनिटाला जवळपास २,९७० फेरे घेत असे, तो आता ३,४४० घेतो. तोल नसलेल्या वस्तूचा धक्का फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून शाफ्टमध्ये जो किंचित असमतोल पूर्वी जाणवत नव्हता तो आता सुमारे ३४ टक्के जास्त जोराने जाणवतो. बसवणाऱ्याने शाफ्ट काढताना खूण केली नसेल आणि तो अर्धा फेरा फिरवून परत लावला असेल, तरीही असेच होते. फ्लँज सोडून १८० अंशांनी फिरवून पाहण्यास काही खर्च नाही. त्यानेही फरक न पडल्यास शाफ्टचा तोल यंत्रावर करून घ्यावा. शाफ्टचा पुढचा आणि मागचा जॉइंट सारख्याच कोनात वाकतात का हेही पाहावे, कारण नव्या मिशीपट्टीमुळे किंवा नव्या रबरामुळे डिफरन्शिअलचे नाक एक-दोन अंश वर किंवा खाली गेलेले असू शकते.

डिफरन्शिअल खरोखर खराब असते तेव्हा ते बहुधा धपधपत नाही, ते रडते. ठरावीक वेगाला सुरू होणारा, पाय दाबल्यावर एक आणि सोडल्यावर दुसरा असा सूर ऐकू आला तर मग क्राउन-पिनियनकडे वळावे.

प्रश्न : मी पुण्यात ऑटोमोबाइल डिप्लोमाचा विद्यार्थी आहे. एवढे सगळे बदलण्याऐवजी आर२०० मधील ३.९ चे क्राउन-पिनियन काढून जुन्या आर१८० च्या पेटीत बसवता येणार नाही का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. २०० मिलिमीटरचा क्राउन १८० च्या पेटीत मावत नाही, आणि बेअरिंगही निराळी आहेत. आर१८० साठीच बनलेली ३.९ ची, म्हणजे ३९ आणि १० दातांची जोडी मिळाली तर ती बसवता येते, पण ते काम वाटते त्याहून नाजूक आहे. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, म्हणून एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन असे कधीही चालत नाही. पिनियनची खोली शिमने (पातळ चकतीने) ठरवावी लागते, बेअरिंगांवरचा आधीचा दाब मोजावा लागतो, दातांमधली मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवावी लागते, आणि मग दातांना रंग लावून ठसा दाताच्या मध्यावर येतो का हे पाहावे लागते. तुमच्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेत एखादे जुने डिफरन्शिअल असेल तर हा ठसा पाहण्याचा सराव जरूर करा. शिम एक कमी-जास्त करून ठसा टोकाकडे आणि टाचेकडे कसा सरकतो हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुस्तकातील आकृती समजते.

मात्र तुमच्या प्रश्नात एक चांगली दिशा आहे. आर१८० जातीचेच डिफरन्शिअल सुबारूनेही वापरले, आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या २००४ च्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआयमध्ये ते ३.९ प्रमाणात, लिमिटेड स्लिपसह (एकच चाक मोकळे घसरू न देणाऱ्या यंत्रणेसह) होते. जुन्या झेडचे मालक ते बसवतात. मिशीपट्टी बदलावी लागत नाही, पण दोन्ही बाजूंचे छोटे दांडे खास बनवून घ्यावे लागतात आणि तेथे खर्च वाढतो. सॅन होजेच्या वाचकांना मी हा मार्ग सुचवला नाही, कारण त्यांना यार्डात जोडी समोर दिसते आहे.